हायकूवही, महिना चौथा: बेडूक एक की अनेक?

मंडळी, या महिन्यात आकडा फारसा पुढे सरकला नाही. तीसपैकी अठरा जपानी हायकू (तीन ओळींच्या कविता) मराठीत झाले, त्यातले तीन खोडले. पण जपानी कवी बाशोच्या बेडकापाशी दोन आठवडे बसलो आणि त्याचं वाईट वाटत नाही.

वहीची रचना तीच. डावीकडे मूळ जपानी देवनागरीत, उजवीकडे जुने इंग्रजी अनुवाद, खाली माझा मराठी प्रयत्न. ‘फुरुइके या / कावाझु तोबिकोमु / मिझु नो ओतो’. १६८६ चा हायकू. (तेव्हा त्याला होक्कू म्हणत, ‘हायकू’ हे नाव रुळवलं ते कवी शिकीने, दोनशे वर्षांनी.) लेखक लाफ्काडिओ हर्नने १८९८ मध्ये तो इंग्रजीत नेला, तेव्हा त्याचे बेडूक अनेक होते. नंतरच्या बहुतेकांनी एकच ठेवला. ‘कावाझु’ म्हणजे बेडूक, या जपानी शब्दाला वचन नाही आणि इंग्रजीला वचन ठरवल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही. म्हणजे अनुवादक हर्न असो की आणखी कोणी, बेडूक मोजण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं.

आणि इथे मी खुर्चीतून उठलोच. आपला ‘बेडूक’ एकवचनातही बेडूक, अनेकवचनातही बेडूक! चुगली करतं ते क्रियापद: मारतो की मारतात. मग क्रियापदालाच बगल दिली:

जुनं तळं —
बेडूक उडी मारताना
पाण्याचा आवाज

एक असो वा दहा, ओळ बोलत नाही. माझा एकच वाटतो, पण ते माझ्यापाशी.

‘या’ मात्र सुटला नाही. तो किरेजी, म्हणजे कापणारा शब्द: तळं एका बाजूला, उडी दुसऱ्या. इंग्रजीवाले तिथे रेघ किंवा उद्गारचिन्ह देतात. मी आधी ‘अहा’ लिहिलं, ते नाटकी झालं. मग ‘जुनं तळं बाई’ लिहून पाहिलं, तर थेट जात्यावरची ओवी सुरू झाली. शेवटी रेघेवरच आलो.

आता मोजणीचं. इंग्रजीत तीन ओळींना पाच-सात-पाच सिलॅबल्स (उच्चारखंड) हा नियम शाळेपर्यंत पोचला, पण जपानीत मोजतात ते ‘ओन’, म्हणजे उच्चाराचा एक ठोका, आणि ओन इंग्रजी सिलॅबलपेक्षा आखूड. त्यामुळे सतरा सिलॅबल्सचा इंग्रजी हायकू मूळपेक्षा गुटगुटीत होतो. हे वाचून माहीत होतं, पण कळलं ते कवी इस्साच्या रोडक्या बेडकावर: ‘यासेगाएरु / माकेरुना इस्सा / कोरे नि आरि’ (रोड बेडका, हरू नकोस, इस्सा इथे आहे). मधली ओळ बोटांवर मोजली, सहाच भरले. पुन्हा मोजले, तरी सहाच. मग लक्षात आलं, ‘इस्सा’तला अडखळणारा ‘स्’ स्वतंत्र ओन आहे: इ-स्-सा, तीन. आपल्याकडे जोडाक्षरामागचा ‘इ’ गुरू होतो, दोन मात्रा. तसाच हिशेब की हा! ‘तोक्यो’ही चार ओन, कारण दोन्ही ‘ओ’ दीर्घ. इंग्रजी वाचकाला हे समजावावं लागतं, वृत्तं पाठ केलेल्या माणसाला नाही. फक्त जपून: जपानीत ‘ए’, ‘ओ’ ऱ्हस्वही असतात, आपल्याकडे कायम गुरू. ‘फुरुइके या’ मराठी कानाने मोजलं तर सात मात्रा होतात, ओन पाचच.

वाचनाच्या बाजूने: अभ्यासक चेंबरलेनने १९०२ मध्ये हायकूला ‘एपिग्राम’ (चटकदार छोटी उक्ती) म्हटलं. मला ते नाव मुळीच पटत नाही. एपिग्रामला शेवटी टोचायचं असतं, बेडूक टोचत नाही. अनुवादक ब्लाइथच्या चार हायकू-खंडांतले (१९४९ ते १९५२) शेवटचे तीन ऋतुवार लावलेले आहेत, हे मोठं सोयीचं, पण प्रत्येक पानावर झेन (बौद्ध ध्यानपंथ) जरा जास्त. अनुवादक हेंडरसन (१९५८) पहिली आणि तिसरी ओळ यमकात बांधतो. इंग्रजी वाचक म्हणे कुरकुरतात. शिरीष पैंचे हायकू वाचत वाढलेल्या माझ्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही. शिवाय तो खाली जपानी शब्दाला शब्द लावून देतो, त्या एका ओळीसाठी मी त्याचं सगळं यमक माफ करतो.

पुढच्या महिन्यात कवी बुसोन. खोडलेल्या तीनपैकी एक त्याचाच आहे, मोहरीच्या फुलांचा: पूर्वेला चंद्र, पश्चिमेला सूर्य. मराठीत चंद्र आधी घेतला की सूर्य उगाच मागून धावत येतो. कुणी सोडवलाय का?