शंभर ग्रॅमच्या मागे मागे

आबांचा फोन आला तेव्हा गाडीनं स्ट्रासबुर्ग सोडलं होतं. ७ ऑगस्ट २०२४, सकाळचे पावणेनऊ. कोल्हापुरात सव्वाबारा. श्रावण नुकताच लागलेला, आबांचा एक वेळचा उपास, त्यामुळे आवाज आधीच खोल गेलेला.

"कुठवर पोचलास?"

"दोन तासांत पॅरिस, आबा."

"जाऊ नको आता. पोरगीला भाईर काढली. शंभर ग्रॅम जास्त भरलं म्हणं."

मी हसलो. खरंच हसलो. रात्रभर व्हॉट्सअ‍ॅपवर जे काही फिरत होतं, त्यातलंच हे एक असणार असं वाटलं. मग मोबाईल उघडला आणि पुढचे दोन तास खिडकीबाहेर काय होतं ते मला आठवत नाही.

माझ्या खिशात, म्हणजे ऑलिंपिकच्या तिकिटाच्या अ‍ॅपमध्ये, त्याच संध्याकाळच्या कुस्तीच्या सत्राचं तिकीट होतं. महिला ५० किलोची फायनल त्याच सत्रात. विनेश फोगाट विरुद्ध अमेरिकेची साराह हिल्डब्रांट. ऑलिंपिकच्या फायनलला पोचलेली पहिली भारतीय महिला मल्ल, आणि प्रेक्षकांत आमच्या घरातला एक माणूस. आबांनी गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

ते तिकीट मिळवणं हीच एक वेगळी कुस्ती होती. पॅरिसनं देशोदेशीचे विक्रेते बंद करून साऱ्या जगासाठी एकच संकेतस्थळ ठेवलेलं. जानेवारी २०२३ संपायच्या आत नाव नोंदवायचं, मग सोडत, सोडतीत नाव आलं तर ४८ तासांची खिडकी, आणि त्या खिडकीतही सुटं तिकीट नाही. तीन सत्रांचा संच घ्यायचा. मला कुस्ती हवी होती, सोबत टेबल टेनिस आणि हँडबॉल गळ्यात घेतलं. पैसे भरायला गेलो तर माझं कार्ड चालेना. तिथं फक्त व्हिसा चालतं, कारण व्हिसा ऑलिंपिकचा जागतिक प्रायोजक. श्टुटगार्टच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याचं कार्ड मागून घेतलं तेव्हा खिडकी बंद व्हायला तीन तास उरले होते. ऑलिंपिकचा कारभार म्हणजे काय, याचा माझा पहिला धडा तो. हँडबॉल पुढे त्यांच्याच अधिकृत फेरविक्रीत मूळ दराला गेलं.

गंमत म्हणजे मी ती खिडकी रिफ्रेश करत होतो त्याच्या थोडंच आधी, जानेवारीत, विनेश दिल्लीत जंतरमंतरवर कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध धरणं धरून बसली होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निवडणूक वेळेत न घेतल्याबद्दल जागतिक कुस्ती संघटनेनं भारतीय महासंघालाच निलंबित केलं, आणि बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तिरंग्याविना खेळले. अंतिम पंघालनं तिथं ५३ किलोत ब्राँझ घेऊन पॅरिसचा कोटा, म्हणजे त्या गटातली देशाची जागा, आणला. त्या कोट्यानंच पुढची गाठ मारली, पण ती मला फार उशिरा दिसली.

तर मी पॅरिसला उतरलो. परत फिरावं असं एकदा मनात आलं. पण ईस्ट स्टेशनवर मेट्रोचं चार युरोचं तिकीट काढताना (खेळांपुरता वाढवलेला दर) वाटलं, एवढा आलोय तर निदान आखाडा तरी बघून जाऊ.

शाँ द मार्सचा तो मंडप आयफेल टॉवरच्या समोरच्या टोकाला. आत गारवा, निळाशार दिवे, मधोमध मॅट. माझ्या पुढच्या रांगेत बर्मिंगहॅमहून आलेले एक सरदारजी मांडीवर तिरंग्याची घडी ठेवून बसले होते. घडी शेवटपर्यंत उघडली नाही त्यांनी. आम्ही एकमेकांशी एवढंच बोललो, की पाणी महाग आहे.

फायनलला हिल्डब्रांटच्या समोर उभी राहिली क्युबाची युस्नेलिस गुझमान. आदल्या संध्याकाळी हीच विनेशकडून ५-० हरली होती. फायनल ती ३-० हरली आणि तिला रौप्य मिळालं. त्याआधी ब्राँझची एक लढत झाली: जपानची युई सुसाकी विरुद्ध युक्रेनची ओक्साना लिवाच. सुसाकीनं १०-० अशी निकाली काढली.

इथं माझ्या डोक्यात खडा टोचला. सुसाकी पहिल्याच फेरीत हरली होती. कुणाकडून? विनेशकडून. तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकही न हरलेली टोकियोची विजेती, शेवटच्या काही सेकंदांत ३-२ नं. लिवाचही विनेशकडूनच हरलेली. कुस्तीत जो फायनलला जातो, त्याच्याकडून हरलेल्यांनाच रेपेचाजमधून ब्राँझची दुसरी संधी मिळते. म्हणजे या दोघींना समोर आणणारी वाट विनेशच्या विजयांवरून जात होती. आणि त्या विजयांची मालकीण मात्र निकालपत्रकात सगळ्यात शेवटी, क्रमांकाविना. बाकी साऱ्यांसाठी ते विजय खरे, फक्त तिच्यासाठी नाहीत.

रात्री हॉस्टेलच्या वरच्या बंकवर पडून मी नियमांचं पुस्तक उतरवून घेतलं. आयुष्यभर कुस्ती बघितली, पण नियमावली कधी उघडली नव्हती. आमच्याकडे जत्रेच्या मैदानात जोड नजरेनं लावतात. पंच दोघांना शेजारी उभं करणार, दंड-मांड्या बघणार, लोक 'बरोबर हाय' म्हणून ओरडणार, झालं. आबांच्या उमेदीत त्यांनी वजनकाटा पाहिला तो वखारीत.

नियमावलीतलं अकरावं कलम सरळ आहे. पहिल्या दिवशी सकाळी वजन. फायनल आणि रेपेचाजवाल्यांचं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वजन, त्याला पंधरा मिनिटं. पहिल्या किंवा दुसऱ्या वजनाला जो हजर राहिला नाही किंवा बसला नाही, तो स्पर्धेतून बाद आणि शेवटचा. काही स्पर्धांत दोन किलोची सूट असते. ऑलिंपिकला एका ग्रॅमची नाही. मी ते कलम चार वेळा वाचलं. पळवाट शोधत होतो, नव्हती.

उपांत्य फेरीनंतर तिचं वजन २.७ किलोनं जास्त भरलं होतं. रात्रभर धावणं, सौना, पाणी बंद, केस कापले, कपडे आखूड केले. तरी शंभर ग्रॅम राहिले. जर्मनीत परत आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शंभर ग्रॅम मोजले. अर्धा कप चहा. आबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "काटा कुणाचा पावणा नसतो." हे त्यांचं नेहमीचंच, पण त्या दिवशी त्यात जोर नव्हता.

मग लवाद. कॅस, म्हणजे लोझानचं क्रीडा लवाद न्यायालय, ऑलिंपिकच्या काळात यजमान शहरातच तात्पुरतं खंडपीठ बसवतं. १९९६ च्या अटलांटापासूनची ही पद्धत, आणि निकाल साधारण चोवीस तासांत द्यायचा असा दंडक. विनेशनं संयुक्त रौप्य मागितलं. ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅनाबेल बेनेट एकट्या लवाद. भारताकडून आपले नागपूरचे हरीश साळवे उभे राहिले, तेव्हा आबांना एकदम धीर आला. वकील मोठा म्हणजे निम्मी केस जिंकली, हा कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या प्रत्येक शेतकऱ्याचा विश्वास. चोवीस तासांचे कसले, निकाल आज लागतो, उद्या लागतो करत १४ तारखेला आला. अर्ज फेटाळला.

बातम्या तिथंच संपल्या. पाच दिवसांनी सविस्तर निकाल जाहीर झाला, २४ पानं, आणि माझ्या मते खरी गोष्ट त्या पानांत होती. मी तो रविवारी दुपारी आबांना फोनवर मराठीत सांगत गेलो. कायद्याची इंग्रजी भाषा तोंडी मराठीत आणणं म्हणजे उलट्या हातानं शड्डू ठोकणं. तीन तास लागले, मधे आईनं त्यांना दोनदा चहा दिला.

बेनेटबाई म्हणतात, नियम स्पष्ट आहे, सगळ्यांना सारखा आहे, खेळाडूला तो माहीत होता. शरीरात पाणी साठलं, वेळापत्रक आवळ होतं, हे मुद्दे मांडले गेले. पण कमाल वजन ते कमाल वजन. तिनं काही गैर केलं असं कुणाचं म्हणणं नाही. इथवर आबा नुसते हुंकार देत होते. मग मी पुढचा भाग सांगितला: दुसऱ्या वजनात चुकल्याची शिक्षा फार कठोर आहे, आणि ज्या फेरीसाठी खेळाडू अपात्र ठरला तेवढ्याच फेरीतून त्याला बाद करणं, आधीच्या फेऱ्या राखणं, हे जास्त न्यायाचं दिसतं.

"थांब," आबा म्हणाले. "परत वाच."

परत वाचलं.

"मग दिलं का न्हाई तसं?"

"नियम बदलणं लवादाच्या हातात नाही आबा. आहे तो लावायचा, एवढंच."

"मग कुणाच्या हातात हाय?"

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझा पुढचा महिना गेला. बायको म्हणाली, एवढा अभ्यास जर्मनचा केला असतास तर बी-टू परीक्षा झाली असती.

उत्तर मागे मागे जात २०१३ मध्ये सापडलं. त्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळानं कुस्तीला २०२० च्या मुख्य खेळांतून काढायची शिफारस केली. प्राचीन ऑलिंपिकपासूनचा खेळ, आणि त्याला दार दाखवलं. जागतिक कुस्ती संघटनेचे अध्यक्ष मार्टिनेटी पायउतार झाले, सर्बियाचे नेनाद लालोविच आले. नियम बदलले, महिलांचे गट वाढवले, आणि सप्टेंबरमध्ये ब्यूनस आयर्सच्या अधिवेशनात कुस्ती परत आत आली. पुरुषांचे फ्रीस्टाइलचे सहा, ग्रीको-रोमनचे सहा, महिलांचे सहा गट. लंडनला महिलांचे चारच होते, तेव्हा सहा म्हणजे वाढच. पण जागतिक स्पर्धेत महिलांचे दहा गट असतात: ५०, ५३, ५५, ५७, ५९, ६२, ६५, ६८, ७२, ७६. ऑलिंपिकमध्ये त्यातले ५०, ५३, ५७, ६२, ६८, ७६ एवढेच. कारण साऱ्या खेळांचे मिळून साडेदहा हजार खेळाडू हे समितीचं बंधन, त्यातून कुस्तीच्या वाट्याला आलेली संख्या, आणि ती भागली जाते गटांत. पॅरिसला एका गटात सोळा मल्ल. गट वाढवायचे तर माणसं कुठून आणणार?

आता विनेशचा प्रवास बघा. रिओला ४८ किलो, टोकियोला ५३, पॅरिसला ५०. ५३ चा कोटा अंतिमनं आणलेला. कोटा देशाचा असतो हे खरं, मार्च २०२४ मध्ये पतियाळाच्या चाचणीत विनेश ५० आणि ५३ अशा दोन्ही गटांत उतरली, पण ५३ मध्ये हरली. तिथून तिची वाट ५० किलोची. एप्रिलमध्ये बिश्केकला तिनं त्या गटाचा कोटा मिळवला. पंचावन्नचा गट ऑलिंपिकला असता तर, हा 'तर' मला झोपू देत नाही. तिच्या गोटाकडून चूक झाली असेलही. वजन सांभाळणं हा मल्लाचाच धर्म, हे आबांचं मत माझ्याहून कडक आहे. पण ते शंभर ग्रॅम त्या एका रात्रीत जमलेले नव्हते. त्यातले निम्मे तरी लोझानच्या, म्हणजे ऑलिंपिक समितीच्या, तक्त्यातले होते.

(पॅरिसच्या प्रत्येक पदकात आयफेल टॉवरचं १८ ग्रॅम लोखंड बसवलं होतं, ते मात्र ग्रॅमपर्यंत मोजून. असली माहिती आता मला पाठ आहे आणि तिचा काडीचा उपयोग नाही.)

दिवाळीला घरी गेलो. आबा आता तालमीत वस्ताद म्हणून नाही, नुसते सकाळी जाऊन बसतात. शेजारच्या गावांतल्या सात-आठ पोरी हल्ली मॅटवर सरावाला येतात. त्यांच्यासाठी कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक काटा आलाय. खाशाबांच्या फोटोखाली फळा. फळ्यावर आबांनी खडूनं दोन रांगा काढून ठेवल्या होत्या. एका रांगेत दहा आकडे, दुसरीत सहा. मी फोनवर सांगितलेले, चुकीशिवाय.

एक पोरगी काट्यावरून उतरली, घाम पुसत फळ्यापाशी गेली आणि बोटानं दुसरी रांग वरपासून खालपर्यंत चाचपत राहिली.

"आबा, पंचावन्न कुठाय ह्यात?"

आबांनी माझ्याकडे हात केला. "ह्यास्नी इचार. कागद त्यांनी वाचल्यात."