एआरएम७ चा बूटलोडर कॉर्टेक्स-एम० वर आणताना

भोसरीतल्या आमच्या युनिटमध्ये पॅकिंग मशिनची कंट्रोल कार्डं बनतात. जुन्या कार्डावर एलपीसी२१४८ हा मायक्रोकंट्रोलर होता, आत एआरएम७ प्रोसेसर. नव्या कार्डासाठी मालकांनी एसटीएम३२एफ०३० पसंत केला: ६४ केबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), ८ केबी रॅम, आत कॉर्टेक्स-एम० प्रोसेसर. पुण्याच्या तपकीर गल्लीतून एसटी-लिंक, म्हणजे चिपमध्ये प्रोग्राम भरायचं आणि तपासायचं उपकरण, आणला आणि कामाला लागलो. सी मधला कोड फारशी कुरकुर न करता आला. राहिला बूटलोडर. पॅनल न उघडता, नुसती सिरियल केबल लावून सर्व्हिसच्या पोराला नवं फर्मवेअर भरता यावं म्हणून तो असतो. आमचा अख्खा असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांच्या भाषेत, लिहिलेला. त्याला फ्लॅशचे पहिले ४ केबी दिले, पुढे ॲप्लिकेशन.

एआरएम७ ला ३२ बिटांच्या एआरएम सूचना कळतात आणि १६ बिटांच्या थंबही. एम० ला एआरएम सूचना कळतच नाहीत, सगळा कारभार थंबमध्ये. त्यातही थंब-२ या वाढीव आवृत्तीतलं बहुतेक काही नाही. पुढच्या सूचनांना अट लावणारा आयटी ब्लॉक नाही, मोठा आकडा थेट टाकणारा मूव्हडब्ल्यू नाही. आमचा जुना कोड पूर्ण एआरएममध्ये. त्यामुळे मेकफाइलमध्ये (प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणारी फाइल) प्रोसेसरचं नाव बदलून भागणार नव्हतं, तरी आधी तेच करून पाहिलं. एररनी स्क्रीन भरली.

त्या एरर निस्तरणं कंटाळवाणं होतं, पण अवघड नव्हतं. जुन्या कोडमध्ये ॲड, स्टोअर अशा कुठल्याही सूचनेला ईक्यू (समान असेल तर), एनई (समान नसेल तर) अशी अट चिकटवलेली होती. एम० वर अट फक्त ब्रँचला, म्हणजे उडीच्या सूचनेला, लावता येते, म्हणून प्रत्येक ठिकाणी छोटी उडी घालावी लागली. रॅममध्ये डेटा कॉपी करणाऱ्या लूपमध्ये ‘वाच आणि पत्ता चारने पुढे सरकव’ अशी एकच सूचना होती. तो प्रकार थंबमध्ये नाही, पण अनेक रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या जागा) एकदम भरणाऱ्या एलडीएमआयए ला एकच रजिस्टर दिलं की तेच काम होतं.

‘सर, आता एकही एरर नाही,’ आमच्याकडच्या ज्युनिअरने सांगितलं.

‘अगं, मग कार्ड का गप्प आहे?’

जीडीबी हा डीबगर जोडला. प्रोग्राम काउंटरमध्ये, म्हणजे चालू सूचनेच्या पत्त्यात, सात एफ आणि शेवटी ई. कॉर्टेक्स-एम लॉकअपमध्ये गेला, म्हणजे पुरता अडकला, की हाच आकडा दिसतो. एम० वर फ्लॅशच्या सुरुवातीला व्हेक्टर टेबल असतं, म्हणजे कुठल्या घटनेला कुठला कोड चालवायचा त्याची यादी. एआरएम७ वर तिथे सूचना असत, इथे नुसते पत्ते: पहिला शब्द (४ बाइट) स्टॅक पॉइंटर, दुसरा रिसेट हँडलरचा, म्हणजे चालू होताच धावणाऱ्या कोडचा, पत्ता. त्या पत्त्याचा शेवटचा बिट १ हवा, कारण ‘इथून पुढे थंब’ हे प्रोसेसरला तोच सांगतो. ० असला तर तो एआरएम अवस्थेत जायला बघतो, जी त्याच्याकडे नाहीच, आणि पहिल्याच सूचनेला हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसरची गंभीर चूक. हार्डफॉल्टच्या हँडलरचा पत्ताही तसाच सम असेल, तर लॉकअप.

बनलेली फाइल उलगडून दाखवणाऱ्या ऑब्जडंपमध्ये सुरुवातीचे आठ बाइट पाहिले: ०० २० ०० २०, मग सी० ०० ०० ०८. बाइट उलटे वाचायचे. स्टॅक २०००२०००, म्हणजे रॅमचं टोक, बरोबर. टेबलात ४८ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट, एकूण १९२ म्हणजे हेक्समध्ये सी०; तिथेच रिसेट हँडलर, तेही बरोबर. फक्त सी० च्या जागी सी१ हवं होतं. लेबलाच्या आधी थंब_फंक लिहिलं, की असेंब्लर हा बिट स्वतः लावतो. लेबलांचे पत्ते दाखवणाऱ्या एनएम या टूलवर विसंबू नका. बिट लागलेला असला तरी ते पत्ता समच दाखवतं. रीडएल्फ हे दुसरं टूल खरा विषम आकडा दाखवतं.

कार्ड जागं झालं, पण केबल लावूनही अपडेट सुरू होईना. हे प्रकरण मला सगळ्यात आवडलं. जुन्या कोडमध्ये आधी तुलना, मग आर० रजिस्टरमध्ये १ टाकणारा मूव्ह, मग बीईक्यू (समान असेल तर उडी) असा क्रम होता. एआरएममध्ये साधा मूव्ह फ्लॅगना, म्हणजे तुलनेचा निकाल ठेवणाऱ्या बिटांना, हात लावत नाही. थंबच्या १६ बिटांत मात्र थेट आकडा टाकणारा मूव्ह फ्लॅग बदलतोच, तुलनेचा निकाल पुसला जातो आणि बीईक्यू कधीच उडी मारत नाही. असेंब्लरने अवाक्षर काढलं नाही, कारण फाइल जुन्या सिंटॅक्समध्ये होती आणि तिथे मूव्ह लिहिलं की गुपचूप फ्लॅग बदलणारं मूव्हएस होतं. फाइलच्या डोक्यावर ‘सिंटॅक्स युनिफाइड’ टाकल्यावर तो अशा प्रत्येक ओळीवर अडला. मूव्हएस स्वतःच्या हाताने लिहिताना फ्लॅग कुठे पुसले जातात ते आपोआप दिसत गेलं. माझ्या मते कुठलाही जुना कोड आणताना ही ओळ सगळ्यात आधी टाकावी, एरर वाढल्या तरी.

यानंतर ॲप्लिकेशन सुरू झालं, पण त्याचे इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवणारे इशारे, बूटलोडरच्याच टेबलात जात होते. कॉर्टेक्स-एम३ वर टेबलाचा पत्ता ठेवणाऱ्या व्हीटीओआर रजिस्टरमध्ये नवा पत्ता लिहिला की काम झालं. एम० ला ते रजिस्टरच नाही. म्हणून ॲप्लिकेशनचे ते १९२ बाइट रॅमच्या सुरुवातीला कॉपी केले, सिसकॉन्फिग या चिपमधल्या सेटिंगच्या भागाचं क्लॉक चालू केलं आणि त्यातल्या मेम-मोडचे दोन्ही बिट १ केले. मग प्रोसेसर टेबल जिथे शोधतो त्या शून्य पत्त्यावर रॅम दिसते. ॲप्लिकेशनच्या लिंकर स्क्रिप्टमध्ये (मेमरीत काय कुठे ते ठरवणारी फाइल) रॅमचे पहिले १९२ बाइट मोकळे सोडले.

मालकांचा प्रश्न वेगळाच होता: ‘अपडेट चालू असताना लाइट गेली तर?’ भोसरीत हा प्रश्न कोणीही विचारील. कोऱ्या फ्लॅशमध्ये सगळीकडे एफ असतात. म्हणून उडी मारण्याआधी बूटलोडर ॲप्लिकेशनचा पहिला शब्द रॅमच्या हद्दीतला आहे का ते बघतो. नसला तर केबलची वाट पाहत बसतो. आणि अपडेट करताना ॲप्लिकेशनचं पहिलं १ केबीचं पान सगळ्यात आधी पुसतो, पण लिहितो सगळ्यात शेवटी. मालकांनी स्वतः येऊन अर्ध्यातच प्लग उपटला. परत लावला, कार्ड केबलची वाट पाहत होतं. त्यांनी दुसऱ्यांदा उपटला.