लॅरी होम्सच्या लढतींची वही : तेरा ते अठरा

अमेरिकन बॉक्सर लॅरी होम्सने ९ जून १९७८ रोजी लास वेगासमध्ये केन नॉर्टनला हरवून डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेचे हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटाचे, विजेतेपद मिळवले आणि २१ सप्टेंबर १९८५ रोजी मायकल स्पिंक्सकडून हरून त्याने जगज्जेतेपद गमावले. या दोन लढती आणि मधली विजेतेपदाची वीस यशस्वी संरक्षणे अशा एकूण बावीस लढती क्रमाने, आवाज बंद करून पाहायच्या आणि प्रत्येक फेरीचे गुण स्वतः लिहायचे, हे काम मी हाती घेतले आहे. मागच्या नोंदीत बारावी, म्हणजे रेनाल्डो स्नाइप्सची लढत झाली होती. आता अठरा झाल्या आहेत.

हे काम सुरू होण्यामागे एक जुना वाद आहे. आमच्यातील एका ज्येष्ठ रसिकांचे ठाम मत आहे की होम्सचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हेवीवेटच्या इतिहासातील सर्वोत्तमांपैकी एक असला, तरी तो ज्यांच्यावर चालला ती माणसे तोलामोलाची नव्हती. कुस्तीच्या मैदानावर वाढलेल्या आपल्या लोकांना हा आक्षेप लगेच समजतो, कारण तिथे मल्ल किती जिंकला यापेक्षा त्याच्याशी जोड कोणाची लागली हे आधी विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. मात्र प्रतिस्पर्ध्याचे वजन त्या रात्रीच्या त्याच्या कामगिरीवरून ठरवायचे, की त्याच्या पूर्ण कारकिर्दीवरून, याचे उत्तर आधी द्यावे लागते. म्हणून मी वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने ठेवले आहेत, ‘त्या रात्री’ आणि ‘पुढे’. या वेळच्या सहा लढतींत ते दोन रकाने जितके एकमेकांच्या विरुद्ध गेले, तितके आधीच्या बारांत गेले नव्हते.

तेरावी लढत गेरी कूनीची, ११ जून १९८२, सीझर्स पॅलेस. कूनी पंचवीस लढतींत अपराजित होता आणि त्याने नॉर्टनला अवघ्या ५४ सेकंदांत संपवले होते. पण ती लढत मे १९८१ मधली, आणि त्यानंतर तेरा महिने तो रिंगमध्ये उतरलाच नव्हता. कृष्णवर्णीय होम्ससमोरच्या या गोऱ्या आव्हानवीराभोवती वर्णद्वेषाचे जे वातावरण उभे केले गेले, ते आजही पाहवत नाही. प्रथेनुसार जगज्जेत्याची ओळख शेवटी करून दिली जाते, त्या रात्री ती आधी होम्सची करून दिली गेली. अशा स्थितीत होम्सने दुसऱ्या फेरीत कूनीला खाली पाडले आणि पुढे घाई न करता जॅबवर लढत बांधली. कूनीचा डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, मात्र पोटात खोल बसत होता, आणि चौथ्या फेरीपासून दहाव्यापर्यंत मी चार फेऱ्या निःशंकपणे कूनीला दिल्या आहेत. कमरपट्ट्याखालच्या ठोशांसाठी रेफरी मिल्स लेन यांनी त्याचे तीन गुण कापले नसते, तर बाराव्या फेरीअखेर तीनपैकी दोन पंचांकडे कूनी पुढे असता. तेराव्या फेरीत त्याचा प्रशिक्षक रिंगमध्ये शिरला आणि लढत थांबली. ‘त्या रात्री’च्या रकान्यात या विजयाला मी फार वरचे स्थान दिले आहे. ‘पुढे’च्या रकान्यात लिहिण्यासारखे थोडेच आहे: १९८७ मध्ये मायकल स्पिंक्सकडून पराभव, १९९० मध्ये जॉर्ज फोरमनकडून पराभव.

चौदावी आणि पंधरावी लढत मी एकेकदाच पाहिली. ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये रँडॉल कॉबने पंधरा फेऱ्या मार खाल्ला, आणि ते पाहून हॉवर्ड कोसेल यांनी व्यावसायिक बॉक्सिंगचे समालोचन कायमचे सोडले. लुसियँ रॉड्रिग्जविरुद्धच्या बारा फेऱ्याही एकतर्फी आहेत. या दोन नावांपुढे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

सोळावी लढत मी तीन वेळा पाहिली. २० मे १९८३ रोजी समोर टिम विदरस्पून उभा होता, आणि त्याच्या नावावर केवळ पंधरा लढती होत्या. कागदावर ही जोड दुबळी दिसते. प्रत्यक्षात विदरस्पूनने आडव्या धरलेल्या हातांनी जॅब अडवला आणि वरून उजवा ठोसा टाकत राहिला. नवव्या फेरीत होम्सचे पाय लटपटले आणि तो केवळ अनुभवावर उभा राहिला. पहिल्यांदा माझे गुण ११४-११४ आले होते, नंतर दोन्ही वेळा होम्सच्या बाजूने ११५-११३. पंचांचाही निर्णय एकमताचा नव्हता. पुढे विदरस्पूनने १९८४ मध्ये डब्ल्यूबीसीचे आणि १९८६ मध्ये डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचे विजेतेपद मिळवले. होम्सने हरवल्यानंतर विजेते झालेले असे चौघे आहेत: माइक वीव्हर, ट्रेव्हर बर्बिक, विदरस्पून आणि अजून माझ्या यादीत पुढे असलेला जेम्स स्मिथ. चार माणसे तोलामोलाची होती, फक्त ती होम्सकडे लवकर आली, असे मी ठामपणे म्हणतो. त्याच वेळी हेही मान्य करायला हवे की १९८३ चा विदरस्पून अजून पुरता घडलेला नव्हता आणि एकाच वजनगटात अनेक संघटनांचे विजेते असल्यामुळे विजेतेपदाच्या पट्ट्याची किंमत उतरली होती. त्यामुळे ‘पुढे’च्या रकान्यातील गुण मी जसेच्या तसे न धरता अर्धेच धरतो.

सतरावा स्कॉट फ्रँक पाचव्या फेरीत संपला. अठरावी लढत मात्र मनाला टोचते. नोव्हेंबर १९८३ मध्ये होम्सने दहाच लढतींचा अनुभव असलेल्या मार्व्हिस फ्रेझरला पहिल्याच फेरीत बाद केले. डब्ल्यूबीसीने ती विजेतेपदाची लढत मानली नव्हती. संघटना ग्रेग पेजशी लढण्याचा आग्रह धरत होती, मानधनावरून वाद झाला, आणि डिसेंबरमध्ये होम्सने तो पट्टा सोडून आयबीएफ या आणखी एका संघटनेचा स्वीकारला. पेज, पिंकलन थॉमस, मायकल डोक्स आणि गेरी कोएत्झी हे चौघेही त्याच काळात विजेते झाले, आणि चौघांपैकी एकाशीही होम्सची लढत झाली नाही. कोएत्झीची जून १९८४ मध्ये ठरली होती, ती पैशांअभावी मोडली. होम्सवरचा खरा आक्षेप इथे आहे असे मला आता वाटते. हरवलेल्या माणसांचा दर्जा काढण्यापेक्षा न झालेल्या या चार लढतींवर बोट ठेवले, तर त्या ज्येष्ठ रसिकांना उत्तर देताना माझी अडचण होते. यासाठी वहीत तिसरा रकाना आखला आहे, आणि पेजच्या नावापुढे, दोष होम्सचा की पैसा लावणाऱ्यांचा, हे ठरवण्यासाठी जागा सोडली आहे.

उरलेल्या चार लढतींत जेम्स स्मिथ, डेव्हिड बे, कार्ल विल्यम्स आणि मायकल स्पिंक्स आहेत. विल्यम्सच्या पंधरा फेऱ्या मी दोनदा पाहणार आहे, कारण तिथे होम्सच्या विजयाचा निकाल पंचांनी एकमताने दिला असला, तरी रसिकांचे त्यावर आजही एकमत नाही. ज्यांनी ती लढत आवाज बंद करून गुण लिहीत पाहिली असेल, त्यांनी आपले फेरीनिहाय गुण कळवावेत. पहिल्या सहा फेऱ्यांचे विशेषकरून हवे आहेत.