तुम्ही विचारलंत म्हणून: ॲनोडायझिंगवाल्याच्या हातात स्टीलचं घड्याळ कसं?

नातेवाईक विचारतात, कस्टमर विचारतात, आमच्याच लाइनमधले लोक तर हसून विचारतात. दिवसभर ॲल्युमिनियम काळं करता आणि स्वतः ॲपलचं स्टीलचं सिल्व्हर घालता? हो, घालतो, आणि तेही ओरखड्यांनी भरलेलं. आता एकदाच सांगतो म्हणजे परत कोणी विचारायला नको.

आधीचं माझं काळंच होतं, ॲल्युमिनियमचं. तेव्हा मीच सगळ्यांना ऐकवायचो की ॲनोडायझिंग म्हणजे वरून मारलेला रंग नाही, आम्लाच्या बाथमध्ये वीज देऊन वाढवलेलं धातूचंच ऑक्साइड आहे, स्टीलपेक्षा कडक. त्यात खोटं काय होतं? आजही तेच म्हणेन. पण थर काही मायक्रॉनचा, खाली मऊ ॲल्युमिनियम, म्हणजे गरम भातावर पापड ठेवल्यासारखं. कोपरा दाराच्या चौकटीला जोरात लागला की आतला पांढरा धातू दिसणारच, आणि काळ्यावर तो लांबूनसुद्धा दिसतो.

पण मी बदललं ते ओरखड्यामुळे नाही.

झालं असं, कॉस्टिक सोड्याच्या टाकीतून जिग, म्हणजे जॉब लटकवायची चौकट, वर काढताना एक जॉब निसटून परत आत पडला आणि शिंतोडे माझ्या ग्लोव्हच्या वरून आत गेले. टाकी 50-60 डिग्रीला असते, त्यामुळे काय झालं असेल ते या लाइनवाल्यांना कळेल. घड्याळ काम करताना का घातलं होतं हे विचारू नका, टायमर त्यातच लावायचो आणि आमच्याकडे सगळेच तसं करतात. हात नळाखाली धरून उभा राहिलो, खूप वेळ. पट्टा जिथे अडकतो त्या खाचेत मात्र थेंब राहिले, तिकडे लक्ष कुणाचं जाणार, हाताची आग होत होती. नंतर बघतो तर त्या बाजूला काळ्याचं राखाडी झालेलं, मध्ये एक पांढरा डाग. यात नवल काहीच नाही. जुना थर उतरवायला आम्ही कॉस्टिकच वापरतो, तिथे माझ्या घड्याळाला वेगळा नियम कुठून लागणार.

तरी तेच घालत राहिलो, चालू होतं ना. मग एक कस्टमर आले, लाइट फिटिंगचे पार्ट देणारे, रंगाच्या शेडचं नमुन्याचं पॅनेल दाखवताना त्यांची नजर माझ्या मनगटावर गेली आणि म्हणाले, "हे तुमच्याकडचंच काम का?" हसतच म्हणाले. मीही हसलो. त्यांना कॉस्टिक, आम्लाची बाथ, डाय (रंग), सीलिंग (थराची छिद्रं बंद करणं) सगळं समजावलं, आणि जितकं समजावत गेलो तितकं ते बहाणे सांगितल्यासारखं वाटायला लागलं. ऑर्डर गेली का? नाही, दिलीच त्यांनी. पण त्या दिवसापासून ते घड्याळ हातात घालवेना.

म्हणून स्टील. 316एल जातीचं स्टेनलेस, सिल्व्हर, वर कसलाच थर नाही, जे आहे ते आतपर्यंत तेच. ओरखडा पडला तर कापडाने पॉलिश करता येतो. बफिंगवाल्याकडे मी मुद्दाम देत नाही, व्हीलवर धरलं की कडा गोल होतात. वजन जास्त आहे, मान्य, स्टीलची घनता 8 च्या आसपास आणि ॲल्युमिनियमची 2.7, रात्री घालून झोपलं की जाणवतं. माझ्या बहिणीला खोट्या कानातल्यांनी खाज येते, तिला मी स्टील घे म्हणणार नाही, त्यात निकेल असतं. आणि काळं स्टील घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे परत वरचा थर आलाच, डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा थर, फार टणक असतो पण टोचा पडला तर तो भरून कोण देणार.

खरं सांगू? कोणी मला फिनिश विचारलं तर मी स्टील सांगतच नाही. सिल्व्हर ॲल्युमिनियम सांगतो. त्यात डाय नसतो, थर आणि आतला धातू दिसायला जवळजवळ सारखाच, डाग पडला तरी लपतो. मग मीच ते का नाही घेतलं, असं बायको विचारते. सिल्व्हर ॲल्युमिनियमही कॉस्टिकने खाल्लंच असतं हे एक उत्तर झालं, पण आता घड्याळ मी टाकीजवळ नेत नाही, त्यामुळे ते उत्तर तिच्यापुढे टिकत नाही.

भाच्याला सिल्व्हर घे म्हणून अर्धा तास सांगितलं, त्याने जेट ब्लॅक आणलं. पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंग, सिरीज 10 चं. मी भिंग लावून बघितलं. काम चांगलं आहे, एकसारखं, कडेलासुद्धा रंग फिका नाही, आमच्याकडे तेवढं जमत नाही.

माझ्याची बॅटरी आता संध्याकाळपर्यंत कशीबशी पुरते. 2024 पासून नव्या सिरीजमध्ये स्टील बंद करून ॲपलने टायटॅनियम आणलंय. टायटॅनियमची किंमत बघून सध्या गप्प बसलोय.