ब्रेकनमध्ये बिऱ्हाड

ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या ब्रेकन या गावाला जाणारे बहुतेक लोक डोंगरासाठी जातात आणि म्हणून मुक्कामाचे कॉटेजही डोंगराच्या कुशीत, गावापासून लांब शोधतात. बरोबर ज्येष्ठ मंडळी आणि मुले असतील व स्वयंपाक घरीच करायचा असेल, तर घर गावातच, बाजारपेठेपर्यंत पायी जाता येईल असे घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लांबच्या घरातून दुधाच्या बाटलीसाठीसुद्धा गाडी काढावी लागते, आणि तिथले रस्ते इतके अरुंद असतात की समोरून ट्रॅक्टर आला की कोणाला तरी मागे घ्यावेच लागते.

आमचे घर बाजारामागच्या गल्लीत होते: जाड दगडी भिंती, डोके सांभाळून जावे अशा तुळया आणि उभा, अरुंद जिना. न्हाणीघर वरच्या मजल्यावर आहे की खाली, हे गुडघे दुखणारे कोणी बरोबर असल्यास आधीच विचारावे. जुन्या गल्ल्यांमध्ये घरापुढे गाडी लावायला सहसा जागा नसते. चादरी, टॉवेल आणि शेगडीची लाकडे भाड्यात धरलेली आहेत का, हेही विचारून घ्यावे. जुलै-ऑगस्टच्या शाळेच्या सुट्टीत घरे बहुधा पूर्ण आठवड्यासाठीच, शुक्रवार किंवा शनिवारपासून मिळतात. एरवी तीन-चार रात्रींसाठीही मिळू शकतात.

स्वयंपाकघरात ओव्हन, फ्रिज, भांडीकुंडी सगळे असते, पण प्रेशर कुकर नसतो. इंडक्शनवर चालणारा लहान कुकर सामानात टाकावा आणि फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी, नाहीतर धुराचा अलार्म सगळ्या गल्लीला जेवणाची वर्दी देतो. गोडा मसाला घरून न्यावा. तूरडाळ आणि बेसन वाटेत कार्डिफला घेतलेले बरे. तूप, पेढे आणि दुधाचे इतर पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे, हे निघताना आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावे. रविवारी मोठी दुकाने सहाच तास उघडी असतात, त्यामुळे शनिवारी पोहोचणाऱ्यांनी त्याच संध्याकाळी खरेदी उरकावी. पिशवी सोबत असावी. दुकानातल्या पिशवीसाठी पैसे घेण्याचा नियम ब्रिटनमध्ये सर्वप्रथम वेल्सनेच 2011 मध्ये केला.

एकोणिसाव्या शतकातल्या मार्केट हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. तिथला लीक (कांद्याच्या कुळातली भाजी) अवश्य घ्यावा. उभा चिरून, पापुद्र्यांमधली माती धुऊन काढली आणि मोहरी-हिंगाच्या फोडणीवर परतून बेसन पेरले, की कांद्याच्या पातीची आठवण करून देणारी, पण तिच्याहून सौम्य अशी भाजी होते. गावाशेजारी लष्कराचे प्रशिक्षण केंद्र असून ब्रिटिश लष्करातल्या गुरखा सैनिकांची कुटुंबे इथे स्थायिक झालेली आहेत, त्यामुळे रस्त्यात नेपाळी कानावर पडल्यास नवल वाटू नये.

1093 च्या सुमारास नॉर्मन सरदाराने स्थापलेल्या मठाचे चर्च 1923 मध्ये कॅथीड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च झाले. आत एक सपाट दगड आहे, ज्यात तीस खळगे कोरलेले आहेत. प्रत्येकात तेल घालून वात लावायची, म्हणजे आपल्या दीपमाळेचे हे आडवे रूपच. हा दगड माहीत नसेल तर सहज नजरेतून सुटतो, म्हणून तिथल्या स्वयंसेवकांना विचारावे. चढ नको असणाऱ्यांसाठी गावातूनच सुरू होणाऱ्या कालव्याचा काठ उत्तम. त्या वाटेने ब्रिनिखपर्यंत गेल्यास कालवा दगडी पुलावरून अस्क नदी ओलांडताना दिसतो.

पेन-इ-फॅन या इथल्या सर्वांत उंच शिखराची उंची 886 मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहून थोडी अधिक. परंतु एवढ्यावरून त्याला कमी लेखू नये. वर आडोसा अजिबात नाही, आणि खाली ऊन असताना माथ्यावर ढग व उभे राहू न देणारा वारा असू शकतो. शेजारच्या कॉर्न दी शिखराच्या उतारावर 1900 मध्ये वाट चुकून मरण पावलेल्या पाच वर्षांच्या मुलाचे स्मारक आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी वारा-पाऊस अडवणारे जाकीट आणि कागदी नकाशा न्यावा. कार्डिफहून मर्थरमार्गे ब्रेकनला येणारी टी-4 बस चढाईच्या पायथ्याशी, स्टोरी आर्म्सपाशी थांबते, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी भरून जाणाऱ्या वाहनतळाची चिंता राहत नाही. परतीची बस मात्र आदल्या दिवशीच पाहून ठेवावी, कारण रविवारी फेऱ्या कमी असतात.

ब्रेकनला रेल्वे नाही. गाडी चालवणाऱ्यांना भारतीय परवाना बारा महिने चालतो; पण सप्टेंबर 2023 पासून वेल्समधल्या वस्तीच्या बहुतेक रस्त्यांवर ताशी वीस मैलांची मर्यादा आहे. निघण्याच्या दिवशी घर सहसा सकाळी दहापर्यंत सोडावे लागते, आणि त्याआधी खरकटे, काच, कागद व प्लास्टिक वेगवेगळ्या डब्यांत टाकायचे असते, म्हणून आदल्या रात्रीच आवराआवर करावी.