मेकाँगच्या काठाने: कोजागिरी ते त्रिपुरी

मुक्काम चंपासाक, दक्षिण लाओस. मागची नोंद उत्तर थायलंडमधल्या च्यांग खोंगला थांबली होती. त्यानंतर नदीच्या काठाने बरंच खाली सरकलोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: विमान नाही, मोठ्या बॅगा नाहीत. थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम असं मेकाँग धरून जायचं. तारखा दोनच, त्याही पंचांगातल्या. कोजागिरीच्या सुमारास लुआंग प्रबांग आणि त्रिपुरी पौर्णिमेला कंबोडियाची राजधानी नॉम पेन. भिक्षूंचा वर्षावास संपला की लाओ लोक बांबू-कागदाच्या होड्यांत दिवे लावून नदीत सोडतात. कार्तिकी पौर्णिमेला नॉम पेनमध्ये बोन ओम तूक, म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा जलोत्सव. मधला महिना मोकळा. ह्यांचं म्हणणं, तारीख ठरली की संथ प्रवास संपला. मला वाटतं, पुढचं टोक पक्कं असलं की मधे बिनघोर रेंगाळता येतं. वाद अजून मिटलेला नाही.

च्यांग खोंगसमोर, नदीपलीकडे लाओसचं हुआय साय. तिथून लुआंग प्रबांगला जायला नाव दोन दिवस घेते, रात्रीचा मुक्काम पाकबेंगला. लाकडी, लांबुळकी, अरुंद नाव. बसायला जुन्या मिनीव्हॅनच्या सीटा, त्याही खाली पक्क्या केलेल्या नाहीत. पुढचा मागे रेलला की आपले गुडघे गेलेच. इंजिन मागच्या बाजूला असतं, म्हणून लवकर जाऊन पुढची जागा धरा. नावाड्याचं बिऱ्हाडही मागेच: दोरीवर वाळत घातलेले कपडे, शिजणारा भात, झोळीत झोपलेलं पोर. वाटेतल्या गावांना धक्का वगैरे नाही. नाव काठाच्या चिखलात नाक खुपसते, एक पोरगा फळी टाकतो, तांदळाची पोती उतरतात, टोपलीतले कोंबडे चढतात, की निघालो. लुआंग प्रबांगला उतरवतात ते गावाच्या साधारण 10 किमी अलीकडे, तिथून टुकटुक. त्याच्याही आधी नव्या धरणाचं प्रचंड बांधकाम लागतं. ज्यांच्या यादीत ही नाव आहे त्यांनी फार वर्षं लांबणीवर टाकू नये, एवढंच म्हणते.

पुढे व्हिएन्तियानपर्यंत नियमित प्रवासी नाव राहिलेली नाही, तेव्हा रेल्वे. ही लाओस-चीन लाइन डिसेंबर 2021 मध्ये सुरू झाली. सुमारे दोन तासांत राजधानी, त्यातही बोगदेच फार. सोय उत्तम, सांगण्यासारखं काही नाही. फक्त स्टेशनवर सुरी, कात्री, स्प्रेचे डबे आत नेऊ देत नाहीत. आपल्यातले बरेच जण भाजी चिरायला सुरी बाळगतात, म्हणून सांगितलं.

व्हिएन्तियानहून थाखेक, मग पाकसे. दोन्ही टप्पे बसने.

चंपासाकला मात्र आम्ही ठिय्या दिलाय, कारण वाट फू, डोंगरउतारावरचं जुनं ख्मेर शिवमंदिर. मागच्या डोंगराच्या माथ्यावर आपोआप घडलेला लिंगासारखा सुळका आहे, म्हणून जुन्या ख्मेर राजवटीत ह्याला लिंगपर्वत म्हणत. 2001 पासून हे युनेस्कोच्या यादीत आहे. वर जाणाऱ्या पायऱ्या झिजून वाकड्यातिकड्या झाल्यात आणि दोन्ही अंगांना चाफ्याची झाडं. धाप लागली की चाफ्याखाली टेकायचं. गाभाऱ्यात आज बुद्धमूर्ती आहे, पण मागे कड्यातून पाझरणारा झरा तोच. पूर्वी ते पाणी दगडी पन्हळीतून आत आणून लिंगावर सतत धार धरलेली असे. अभिषेकपात्राऐवजी अख्खा डोंगर! जवळच्या कातळावर त्रिमूर्ती कोरलीय, मधोमध शिव. झऱ्यापाशी एका आजींनी ओंजळभर पाणी माझ्या डोक्यावर घातलं, मग ह्यांच्या टकलावर, आणि खुदकन हसल्या. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. कंबोडियातलं भव्य अंगकोर पाहिलेले लोक वाट फूला 'छोटं' म्हणून अर्ध्या दिवसात उरकतात. त्यांचं त्यांच्यापाशी.

इथून सी फान डॉन, म्हणजे चार हजार बेटं. तिथल्या खोन धबधब्यांपाशी नदीची वाट तुटते. 1866 मध्ये सैगॉनहून निघालेल्या फ्रेंच मोहिमेला इथेच कळलं की बोटीने चीनपर्यंत जाणं जमायचं नाही. पुढे फ्रेंचांनी धबधबा टाळून माल न्यायला डॉन खोन आणि डॉन देत ह्या बेटांवर चिमुकली रेल्वे टाकली. रूळ गेले, पूल उरला. त्यावरून आता सायकली जातात. आम्हीही भाड्याच्या सायकलीच घेणार.

थायलंडमधून थेट कंबोडियात जाणारी सीमेवरची नाकी जून 2025 मध्ये बंद झाली. ती उघडोत न उघडोत, नदी धरून जाणाऱ्याला लाओसच्या दक्षिण टोकाचंच नाकं सोयीचं. कंबोडियाच्या पर्यटक व्हिसाचे 30 डॉलर कोऱ्या नोटांत वेगळे काढून ठेवा. जराशी फाटलेली नोट त्या देशात कुणी घेत नाही. मग कंबोडियातलं नदीकाठचं क्राती, तिथले इरावडी डॉल्फिन. नदीत ते शंभराच्या आसपासच उरलेत, आणि लाओसच्या सीमेवरच्या डोहातला शेवटचा 2022 मध्ये मेला. त्यामुळे क्रातीला घाई करणार नाही, जलोत्सवाचा पहिला दिवस हुकला तरी चालेल. हे वाक्य ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलंय.

व्हिएतनामचा ई-व्हिसा अजून भरायचाय. त्यात प्रवेशाचं ठिकाण आधीच लिहावं लागतं. आम्हाला नॉम पेनहून बोटीने चाउ डॉकला उतरायचं आहे, तेव्हा नदीवरचं नाकं निवडायचं, रस्त्यावरचं नव्हे. तारखेचा रकाना हे भरणार आहेत.