दसऱ्यानंतर सावंतवाडी!

ऑक्टोबर लागला की आमच्या म्हापशात पर्यटकांच्या गाड्या वाढायला लागतात, म्हणून यंदा आपणच बाहेर पडायचं ठरवलंय, दसरा झाल्यावर आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या आधी, सावंतवाडीला. पाऊस सरलेला, मोती तलाव भरलेला, शाळा चालू म्हणून गर्दी कमी, आणि लॉजचं भाडं पण फोन करून विचारलं तर जरा कमी होतं. दुपारचं ऊन मात्र खरंच भाजतं, त्यामुळे तलावाची फेरी सकाळी नाहीतर दिवे लागल्यावर, मधल्या वेळात मस्त झोप!

मला सगळ्यात ओढ आहे ती राजवाड्यातल्या गंजिफाची, म्हणजे खेळायच्या पारंपरिक पत्त्यांची. गोल पानं, लाखेची चमक, हाताने रंगवलेला एकेक अवतार, दशावतारी संचात 10 अवतारांची मिळून 120 पानं असतात, मी तर तिथून लवकर हलणारच नाही. चितार आळीत भाचीसाठी लाकडी फळं घ्यायचीयत. आंबोली यावेळी नको, उगाच धावपळ होते.

ट्रेनने जाणार असाल तर सावंतवाडी रोड स्टेशन मळगावला आहे, शहरापासून लांब, पुढे रिक्षा करावी लागते. आम्ही सरळ म्हापशाहून बस पकडणार.